मफलरवरचं हिम

तुम्ही खोटं लिहिलंत. तुमच्या पोलीस ठाण्याच्या कागदावर माझा भाऊ आर्विद 'गोठलेल्या तळ्याकडे चालत गेला' असं आहे. त्या दिवशी अंगणातून तळ्याकडे बर्फात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. फोटो मी तुमच्या टेबलावर ठेवले. तुमच्या साहेबांनी ते बघितले नाहीत, त्यांच्यावर कॉफीचा कप ठेवला.

म्हणून पुन्हा सांगते. चिकडी नावाचे चिमणीएवढे पक्षी हातावर यावेत म्हणून आमच्या मिनेसोटात लोक हिवाळ्यात अंगणात बाहुला बसवतात. खुर्चीत पेंढ्याचं धड, त्याला घरातला जुना कोट, टोपी, मफलर, हातमोज्यावर सूर्यफुलाच्या बिया. बुजगावणंच, पण उलट्या कामाचं. दहा-बारा दिवसांत पक्ष्यांची भीड चेपली की बाहुला उचलायचा आणि त्याचेच कपडे घालून त्याच खुर्चीत आपण बसायचं. आर्विदनं तेच करायचं ठरवलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून फोटो काढत होते.

बाराव्या दिवशी पारा उणे तिसावर होता. आदल्या दिवशीचा फोटो मोठा करून बघताना मला बाहुल्याच्या मफलरवर, तोंडापाशी, पांढरं हिम दिसलं. असल्या थंडीत माणूस तासभर श्वास घेत बसला की धरतं, तसं. बाकी मफलर कोरडा.

आर्विदला दाखवलं. म्हणाला, बाहुल्याला पडसं झालं असेल. आज नको बसूस, म्हटलं, तर हसला.

"इंगे, बारा दिवस पेंढा बसला. आज मी बसलो तर पक्षी काय ओळखपत्र मागणार आहेत?"

त्यानं बाहुल्याचे कपडे काढले, उघडा पेंढा लाकडाच्या खोपटात नेऊन ठेवला आणि परत येऊन खुर्चीत बसला.

एकही पक्षी आला नाही. सगळे खोपटाच्या छपरावर ओळीनं बसले होते, दाराकडे माना वाकवून.

दर दहा मिनिटांनी मी फोटो काढला. पहिल्या तीन फोटोंत आर्विदच्या तोंडातून वाफ निघते आहे. चौथ्यात नाही.

ते मी नंतर पाहिलं. चौथा काढला आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपली, ती बदलायला खाली वाकले. वर बघते तर पक्षी त्याच्या हातांवर, खांद्यांवर, टोपीवर. आनंदानं अकरा फोटो काढले. मग कॉफी घेऊन बाहेर गेले.

"आर्विद?"

पक्षी उडाले नाहीत.

मी टोपी उचलली. आत पेंढा होता.

खुर्चीतून उठून गेलेलं एकही पाऊल नव्हतं. खोपट रिकामं होतं.

तुमच्या माणसांनी तो पेंढा कपड्यांसकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, सील करून नेला. "नुसता पेंढा आहे, बाई," म्हणाले.

असू दे. पण पुरावे ठेवणाऱ्या तुमच्या कोठीवाल्याची बायको काल दुकानात भेटली. पिशवी आतून ओली होते म्हणून नवऱ्याला दोनदा बदलावी लागली, म्हणाली. ओल एकाच जागी धरते, वरच्या बाजूला.

मला एवढंच लेखी कळवा. त्या पिशवीला तोंडापाशी छिद्र तरी पाडलंत का?