कोणी चाखलं?

यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

विश्वास ठेवाच असा आग्रह नाही. आर्डिसचा स्वतःचाही भुताखेतांवर विश्वास नव्हता. गावच्या वाचनालयात तिची सतरा वर्षं नोकरी झाली होती. भुतांची पुस्तकं लोकांना कपाटातून काढून द्यायची, एवढाच तिचा त्यांच्याशी संबंध.

जागा, विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्येकडच्या टेकड्यांत तिच्या वडिलांचं शेत. दिवस, नोव्हेंबरातला शनिवार. हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. सात वर्षांपूर्वीचा.

आणि रात्र नव्हती. जे झालं ते दिवसाढवळ्या झालं.

तिचे वडील ऑर्व्हिल त्याच वर्षी सप्टेंबरात गेले. गोठ्याच्या दारात बसले आणि उठलेच नाहीत. त्या घरात हिवाळ्याचं मांस म्हणजे हरणाचं, आणि ते खायचं की पुरायचं हे ठरवायचे ऑर्व्हिल. ते कलेजी उजेडात धरायचे. अंगठ्याने दाबून बघायचे. फुफ्फुसं बरगड्यांना चिकटलीत का ते पाहायचे, वास घ्यायचे. मनाला पटलं नाही तर एक शब्दही न बोलता फावडं उचलायचे.

अलीकडे टेकड्यांमधल्या हरणांत एक रोग शिरला होता. हरीण झिजत जातं. लाळ गाळतं. माणसाला भीत नाही, उभंच राहतं. पण सुरुवातीला बाहेरून काही कळत नाही. त्यासाठी मुंडकं तपासणीला द्यायचं आणि दहा-बारा दिवस निकालाच्या कागदाची वाट बघायची. माणसाला तो रोग होतो असं कोणी सिद्ध केलेलं नव्हतं. होत नाही, असंही कोणी छातीठोकपणे सांगत नव्हतं.

कागद आला तरी ऑर्व्हिल एक गोष्ट करायचेच. पाठीच्या आतलं मऊ मांस कापून शेडमधल्या शेगडीवर, बिडाच्या तव्यात एक तुकडा भाजायचे. तो एकटे खायचे. घरच्यांनी खायचं ते दुसऱ्या दिवशी.

आर्डिसने एकदा त्यांना समजावलं होतं की असले रोग एका दिवसात दिसत नाहीत, त्यामुळे या चाखण्याला काही अर्थ नाही.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले होते. "पण वाढणाऱ्याने आधी खावं."

ते गेल्यावर आर्डिसच्या आईने, लव्हॉनबाईंनी, जेवण सोडलं. त्या कॉफी आणि टोस्टवर जगू लागल्या. दोन महिन्यांत अंगावरचा कोट खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला. डॉक्टर आर्डिसला बाजूला घेऊन म्हणाले, असंच चाललं तर हा हिवाळा निघणार नाही. आर्डिस दुकानातून मांस आणायची, शिजवायची. आई ताट पुढे ढकलायची आणि एकच विचारायची.

"कोणी चाखलं?"

म्हणून आर्डिसने वडिलांची रायफल काढली.

व्हर्लिनकाका, वडिलांचा धाकटा भाऊ, अंगणात उभा राहून हसला. "पुस्तकातलं हरीण पान उलटेपर्यंत थांबतं, पोरी. खरं थांबत नाही."

"मग तुम्ही आणा मारून."

त्याचे गुडघे मचाणावर चढण्याच्या लायकीचे राहिले नव्हते.

शनिवारी आर्डिस मचाणावर बसली होती. सकाळी आठच्या सुमारास एक मादी ओढ्याकडून वर आली. आर्डिसने नेम धरला. मादीने मान वर केली.

आणि थांबली.

ती आर्डिसकडे बघत नव्हती. ती बघत होती... आर्डिसच्या डाव्या हाताला. मचाणावरच्या रिकाम्या जागेकडे.

वडील तिथे बसायचे.

आर्डिसने वळून पाहिलं नाही. तिने गोळी झाडली.

मादी जागीच पडली. अंगावर चरबी होती, डोळे स्वच्छ. आर्डिसने पोट फाडलं, लहानपणापासून पाहिलं होतं तसं एकेक तपासलं. फुफ्फुसं मोकळी. गाठी नाहीत. वास चांगला. तरीही मनात एकच टोचत होतं. ती पळाली का नाही? निरोगी हरीण असं उभं राहत नाही.

कलेजी बादलीत घालून तिने शेडमधल्या फळीवर ठेवली आणि हात धुवायला नळावर गेली. नळावर तिला आवाज आला.

खर्रर्... खर्रर्...

धारेच्या दगडावर सुरी फिरावी तसा. सावकाश. दोनदा इकडून, एकदा तिकडून.

ती आत गेली. आवाज थांबला. दगड फळीवर कोरडा होता. सुरी तिच्याच कमरेला होती.

पण कलेजीवर... एक खळगा होता. अंगठ्याने दाबल्यासारखा. आखूड.

ऑर्व्हिलच्या उजव्या अंगठ्याचं टोक मक्याच्या यंत्रात गेलेलं होतं.

आर्डिसने स्वतःचा अंगठा बरोबर त्यावर ठेवून दाबला. आता तो तिचा खळगा होता.

"मी बघितलंय," ती रिकाम्या शेडला म्हणाली. "ठीक आहे ती."

तिने मुंडकं तपासणीच्या पेटीत टाकलं, मांस कापून शेडमधल्या फ्रीजरमध्ये ठेवलं. सोमवारी टेकडीवर गेली, तेव्हा आतडी टाकलेल्या जागी काहीच हाललेलं नव्हतं. एरवी तासाभरात डोमकावळे जमतात. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. वर झाडांवर कावळे होते. बसून होते. एकही ओरडत नव्हता... एकही खाली उतरत नव्हता.

व्हर्लिनकाकाने हे ऐकलं आणि पहिल्यांदा त्याचं हसू गेलं. तो म्हणाला, "हे मांस पुरून टाक. माझा भाऊ असता तर केव्हाच फावडं उचललं असतं त्याने."

"त्यांनी फावडं नाही उचललं," आर्डिस म्हणाली.

काका तिच्याकडे बघतच राहिला. तिलाही कळलं आपण काय बोलून बसलो ते. पण तिने शब्द मागे घेतला नाही.

बारा दिवसांनी कागद आला. रोग आढळला नाही. तिने तो आईसमोर धरला. आईने चष्मासुद्धा लावला नाही.

"कागदाने चाखलं का?"

गुरुवार होता. दुपारचे बारा. लख्ख ऊन. आर्डिस शेडमध्ये गेली, दाराला आतून कडी घातली, शेगडी पेटवली. बिडाचा तवा तापला. तिने एकच तुकडा टाकला, तळहाताएवढा. दोन्ही बाजूंनी भाजला, पत्र्याच्या ताटलीत काढला, आणि मिठाची बरणी घ्यायला मागे वळली.

बरणी मागच्या फळीवर होती. तीन पावलं जायला, तीन यायला.

ती वळली तेव्हा ताटलीत... अर्धा तुकडा होता.

कापलेला नव्हता. चावलेला होता.

दाराची कडी तशीच. शेडमध्ये मांजर नाही, कुत्रा नाही. शेगडीतलं लाकूड तडतडत होतं. त्याशिवाय एक आवाज होता, अगदी हलका. कोणीतरी सावकाश, नीट, चव घेत चावत होतं.

मग गिळल्याचा आवाज आला.

मग काहीच नाही.

सप्टेंबरापासून आर्डिस एकदाही रडली नव्हती, आणि आत्ता रडायची तिची इच्छा नव्हती. तिला राग आला होता. माणूस न सांगता उठून जातो, आई झिजत जाते, काका हसतो, आणि हे मात्र पहिला घास घ्यायला हजर.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचं चाखणं आता चालत नाही. तुम्हाला काय व्हायचं राहिलंय?"

तिने ताटली आपल्याकडे ओढली.

"वाढणारी मी आहे."

तिने उरलेला अर्धा तुकडा उचलला. त्याच्या कडेवर दातांचे व्रण स्पष्ट होते. तिने तिथूनच चावा घेतला. मिठाशिवाय. सगळा संपवला, आणि ताटली शेगडीवर ठेवून निघाली.

शुक्रवारी सकाळी तिने बटाटे घालून मांस मंद आचेवर शिजत ठेवलं. दुपारी आईच्या पुढ्यात ताट ठेवलं.

"कोणी चाखलं?"

"मी."

आईने काटा उचलला. खाली ठेवला. "आधी कोणी?"

"मी म्हटलं ना, आई."

लव्हॉनबाईंनी लेकीकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून मागे, दाराकडे. काय दिसलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. त्या जेवायला लागल्या. ताट पुसून खाल्लं, आणि अजून थोडं मागितलं.

तो हिवाळा निघाला. पुढचेही निघाले. लव्हॉनबाई आज ब्याऐंशीच्या आहेत आणि व्हर्लिनकाकाच्या गुडघ्यांची थट्टा करतात. त्या मादीच्या मांसाने कोणाला काही झालं नाही. मग कावळे खाली का उतरले नाहीत, हे आर्डिसला आजही सांगता येत नाही.

दर वर्षी ती एक हरीण मारते, तपासते, कागदाची वाट बघते, आणि दिवसाउजेडी शेडमध्ये तवा ठेवते. दर वर्षी तुकडा अर्धा होतो. ती उरलेला खाते. याची तिला सवय झाली आहे, असं ती म्हणते.

गेल्या वर्षी तिने दोन तुकडे भाजले. दोन ताटल्या ठेवल्या. डावीकडची बाबांची. उजवीकडची आपली. ते तिने मोठ्याने सांगितलं, म्हणजे गोंधळ नको. आणि मिठासाठी वळली.

वळून आली तेव्हा डावीकडचा तुकडा जसाच्या तसा होता. वाफ निघत होती.

उजवीकडची ताटली... रिकामी होती.

अर्धा नाही. अख्खा. तिच्या वाट्याचा.

त्या हरणात काय होतं, हे तिला माहीत नाही. कागद स्वच्छ होता. कलेजी स्वच्छ होती. तिच्या वाट्याचं तिने खाऊ नये, असंच जणू त्यांना सांगायचं होतं.

तरीही तिने त्यांचा तुकडा ओढून घेतला आणि खाल्ला.