पाचवा कोपरा

कृषी कार्यालयाबाहेरच्या बाकावर मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, आणि पाहिल्यापाहिल्या त्याच्याच नावानं खडे फोडले. आता, तो हाच, हे मला कुठं ठाऊक होतं?

खिडकी अजून उघडायची होती. बाकावर एक चष्मेवाला फॉर्मांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसला होता. मला वाटलं, आपल्यासारखाच कुणीतरी गरजू. मी शेजारी टेकले आणि सुरूच झाले. फळबागेच्या अनुदानाचा अर्ज आणलाय, अंजिराची चारशे रोपं रोपवाटिकेत माझ्या नावानं राखून ठेवलीत, आणि इथला नवा तपासणी अधिकारी म्हणे इतका खडूस आहे की शाईचा रंग आवडला नाही तरी अर्ज परत पाठवतो.

"कोण म्हणतं?" त्यानं विचारलं.

"सगळेच. दिसायलाही तसाच असणार... आंबट तोंडाचा."

त्यानं गंभीरपणे मान डोलावली. माझा अर्ज मागून घेऊन चाळला आणि हळूच म्हणाला की विहिरीची खोली लिहायची राहिलीय. मी ती लिहिली, वर त्याचे आभारही मानले. तेवढ्यात आतून शिपाई आला नि म्हणाला, "साहेब, खुर्चीचा पाय बसवला. या आता."

चष्मेवाला उठला, आत गेला आणि खिडकीपलीकडे जाऊन बसला. रांगेत पहिली मीच होते, त्यामुळे पळून जायचीही सोय नव्हती. अर्ज सरकवताना मी इतकी खाली बघत होते की पोचपावती त्याला दोनदा पुढे करावी लागली.

हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्या अर्जावर माझं सगळंच टांगलेलं होतं. आमचं दोन एकर शेत बाबांच्यानं होत नव्हतं. काका ते कसायला मागत होते. बाबांनी मला एक वर्ष दिलं होतं, तेही अटीवर... अनुदान मिळून या हंगामात बाग लागली तर शेत माझं. नाही तर काकांचं, आणि मी शहरात आत्याच्या दुकानात हिशेब लिहायला. बाबा एकदा बोलले की बोलले, हे आमच्या घरात लहान मुलालाही माहीत आहे. आणि कार्यालयाचा नियम असा की मंजुरीपत्र हातात यायच्या आधी एक जरी रोप लावलं तरी अर्ज बाद. रोपवाटिकावाला महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत थांबणार होता, त्यापुढे एक दिवसही नाही.

मग माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. आधी माती तपासणीचा अहवाल कमी पडला, मग पाण्याचा, मग नकाशावर दिशा दाखवलेली नव्हती. दर वेळी तो मला समोर बसवून नीट समजावायचा, आणि समजावताना पेन्सिलीचं टोक कागदावर अगदी हलकं टेकवायचा. का कोण जाणे, मी कागदाऐवजी त्या पेन्सिलीकडेच बघत बसायचे. तिसऱ्या फेरीला मात्र माझा संयम सुटला.

"खरं सांगा, त्या दिवशीचा राग काढताय ना?"

"आंबट तोंडाचा म्हणालात त्याचा? नाही." त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माती आणि पाणी तर लागतंच. नकाशाचं मात्र... फोनवरही सांगता आलं असतं."

"मग सांगितलं का नाही?"

त्याचे कान लाल झाले होते. मी नकाशा उचलला आणि बाहेर आले. जिना उतरल्यावर लक्षात आलं की छत्री आतच राहिलीय, आणि ती आणायला परत जायची माझी छाती झाली नाही. भिजतच घरी गेले.

पुढच्या सोमवारी तो पाहणीला आला. नियमाप्रमाणे शेताच्या चारही कोपऱ्यांत अर्जदाराला उभं करून फोटो काढायचे असतात, म्हणजे शेत खरंच आहे आणि अर्जदारही खराच आहे हे दिसतं. भुरभुर पाऊस होता. तीन कोपरे झाले. चौथ्यात माझी चप्पल चिखलात रुतली, ती काढायला वाकले तर दुसरीही रुतली, आणि शेवटी मी अनवाणी, दोन्ही हातांत चिखलाचे दोन गोळे घेऊन उभी. तसाच त्यानं चौथा फोटो काढला. त्याचा तो गंभीर चेहरा बघून मला हसू फुटलं, ते आवरेचना. तेव्हा त्याच्या फोनचा कॅमेरा आणखी एकदा वाजला... खटक.

"हा कशाला?" मी विचारलं.

"असाच," तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

मला ते आवडलं. उगीच कशाला नाही म्हणू?

बुधवारी कार्यालयातून निरोप आला की ताबडतोब या, मोठ्या मॅडमनी बोलावलंय. शुक्रवारची मुदत दोन दिवसांवर आली होती. मंजुरीच असणार म्हणून मी चांगली साडी नेसून गेले. मॅडमच्या खोलीत तो भिंतीपाशी उभा होता, चेहरा पांढराफटक. मॅडमनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. छाननी विभागाचा शेरा होता: "शेत चौकोनी असून छायाचित्रे पाच जोडली आहेत. पाचव्या कोपऱ्याचा खुलासा करावा."

मला काही कळेना. मॅडमनी समजावलं की पाहणीचे फोटो कार्यालयाच्या ॲपमधून काढायचे असतात, आणि त्यातून काढलेला प्रत्येक फोटो थेट फाइलला जाऊन चिकटतो, मग तो काढणाऱ्यालाही पुसता येत नाही. साहेबांना वाटलं होतं आपण स्वतःचा कॅमेरा उघडलाय. "चुकून निघाला एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं," मॅडम म्हणाल्या. "पण यांनी काय लिहिलंय ते वाचा."

खाली त्याचं टपोरं अक्षर होतं.

"पाचवे छायाचित्र शेताचे नाही. अर्जदार हसत असताना ते मी स्वतःसाठी काढले. अर्जदाराविषयी माझ्या मनात ओढ आहे. सबब या प्रकरणात मी निर्णय देणे योग्य नाही. अर्जदारास याची कल्पना नाही व तिने काहीही गैर केलेले नाही."

मी ते तीनदा वाचलं. प्रेमाची कबुली माणूस कुठंही देईल असं ऐकलं होतं... पण आवक क्रमांक घालून? तीन शिक्क्यांखाली? माझ्याआधी ती छाननीच्या कारकुनानं वाचली होती, शिपायानं वाचली होती, मॅडमनी वाचली होती. मी त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

मॅडमनी मग मुद्द्याचं सांगितलं. माझंही म्हणणं फाइलला लागणार होतं. माझ्या बाजूनं तसं काही नसेल तर दोष साहेबांचा एकट्याचा. त्यांना समज देऊन मॅडम स्वतः कागद तपासणार आणि आजच सही करणार. असेल, तर सगळी पाहणी रद्द, फाइल दुसऱ्या कार्यालयात, महिना तरी जाणार. त्यांनी पेन माझ्यापुढे ठेवलं. "एक ओळ पुरे. आहे किंवा नाही."

नाही लिहायला किती वेळ लागतो? मी पेन टेकवलंही. चारशे रोपं डोळ्यांपुढे होती, काका होते, आत्याचं दुकान होतं. लिही, लिही, असं मी स्वतःला सांगत होते. आणि हात मेला हलायलाच तयार नव्हता.

शेवटी लिहिलं. "माझ्याही बाजूने आहे." खाली सही केली. मॅडमनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघतच राहिल्या.

व्हरांड्यात तो माझ्यामागे धावत आला. "असं का लिहिलंत? तुम्हाला कल्पना नाही असं मी लिहिलं होतं. तुम्ही मोकळ्या होता..."

"कल्पना नव्हतीच. वाचल्यावर आली."

"मग आज नाही म्हणायचं होतं. नंतर..."

"नंतर काय? आज कागदावर नाही म्हणायचं आणि उद्या तुम्हाला हो?"

मी थांबले असते तर रडले असते, म्हणून थांबले नाही.

शुक्रवारी संध्याकाळी रोपवाटिकेतून फोन आला. रोपं दुसऱ्या कुणाला तरी दिली होती. मी शेतात गेले, बांधावर बसले आणि पोटभर रडले. पश्चात्ताप नव्हता, पण दुःख होतं, आणि ते खोटं नव्हतं. बाबांना बुधवारीच सगळं सांगितलं होतं. ते ऐकून बाबा उठून आत गेले होते आणि तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. आईनं कपडे शिवायला काढले, मला शहरात जायचं म्हणून.

शनिवारी सकाळी बाबांनी माझ्यासमोर काकडीच्या बियांचं पाकीट ठेवलं.

"काकांना सांगून आलोय, यंदा शेत देत नाही म्हणून."

आईच्या हातातली कात्री खाली पडली. मी बाबांकडे बघतच राहिले. "पण तुम्ही तर म्हणाला होतात..."

"म्हणालो होतो. सहीचा कागद समोर असताना आपल्या घरात आजवर कुणी स्वतःचं नुकसान लिहून आलं नव्हतं. मीसुद्धा नाही." ते दाराकडे वळले. "काकडी तरी नीट लाव."

रविवारी मी वाफे करत होते. बांधावर सायकल थांबली. तो होता... ना फाइल, ना फोन हातात, जुना शर्ट आणि घामेजलेला चेहरा. आत यायचं सोडून कडेलाच उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "आज कामासाठी म्हणून आलेलो नाही. तुमचे बाबा घरी आहेत का? मला त्यांना... म्हणजे आधी तुम्हालाच विचारायला हवं, की तुम्ही..."

बिचाऱ्याचं वाक्य काही संपेना. मी दुसरं खुरपं उचललं आणि त्याच्यापुढे धरलं.

"ये आत," मी म्हणाले. "चपला तिथंच काढ, रुततील."

त्याला मी कधी एकेरी बोलले नव्हते. शब्द निघून गेल्यावर मी स्वतःच दचकले. तो मात्र मुकाट्यानं वाकला आणि चपला काढायला लागला. एक पट्टा काही केल्या सुटेना.