चांगल्या बोटीने आलेली माणसे

जन्म कोणत्या भूमीवर व्हावा, हे कोणाच्याही हाती नसते. परंतु त्या भूमीचे खरे अपत्य कोण, याचा निवाडा करण्याची हौस शेजाऱ्यांना फार. असा निवाडा जिथे चालतो, तिथे प्रेमाला आडवाटेनेच यावे लागते. या कथेत ते लिफ्टच्या छतातून आले.

चष्मे बनवणारा एक सज्जन तरुण आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये, दोन मजल्यांच्या मधोमध अडकला होता. छताची झडप उघडली, आणि ग्रीस माखलेला एक हसरा चेहरा डोकावला.

"घाबरलात?"

"मी? छे... लिफ्टच घाबरून थांबलीय."

"मग तिला धीर देते. तुम्ही बटणं दाबू नका, तिला गुदगुल्या होतात."

ती लिफ्ट दुरुस्त करी. परदेशातून येऊन त्याच इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्यावर भाड्याने राहत असे. भाषा उत्तम बोले. केवळ 'आम्ही' आणि 'आपण' यांत तिची गल्लत होई. मग जिन्यात तो तिची शिकवणी घेऊ लागला.

"ऐकणाऱ्याला धरलं तर आपण, वगळलं तर आम्ही."

"आणि ऐकणारा आवडत असेल तर?"

"तर..." शिक्षकाचा चष्मा धूसर होई.

अशातच इमारतीच्या सभेत ठराव आला: बाहेरच्यांना भाड्याने घर देऊ नये. तो संमत झाला, तर तिला बिऱ्हाड हलवावे लागणार होते. आणि अध्यक्षस्थानी होती त्या तरुणाची सख्खी आत्या!

"रंग वेगळा, बोलणं वेगळं," आत्या म्हणाली, "उद्या आपली ओळख काय उरणार?"

"आणि हे लोक जिन्यात ओरडतात!" निवृत्त पोस्टमास्तर ओरडले.

मागच्या रांगेतून लिफ्टवाली उभी राहिली.

"आपण सगळे बाहेरचे आहोत... पण घर इथंच आहे."

सभेत भुवया उंचावल्या. तिला 'आम्ही' म्हणायचे होते, हे एकट्या चष्मेवाल्याला उमगले. तो एक शब्द सुधारला असता, तर सर्वांचा रोष शमला असता. मात्र ती पुन्हा बाहेरचीच ठरली असती. आत्यासमोर ज्याने आजवर ब्र काढला नव्हता, तो उठला.

"बरोबर बोलली ती. आत्या, पणजोबा कुठून आले गं?"

"ते... बोटीनं आले. पण चांगल्या बोटीनं!"

"माझी आई सीमेपलीकडची," पोस्टमास्तर पुटपुटले; पुटपुटण्याचा त्यांचा तो पहिलाच प्रसंग. "पण ती लग्न होऊन आली."

"लग्नानं आलेलं चालतं," आत्याने निर्वाळा दिला.

"चालत असेल, तर... मी हिच्याशी—"

"थांबा!" ती कडाडली. "मला घर हवंय. त्यासाठी नवरा कशाला?"

हशा पिकला. ठरावाच्या बाजूने एकट्या आत्याचा हात वर गेला. तोही, कान खाजवत होते, असे सांगून तिने खाली घेतला.

जिन्यात तो मान खाली घालून उभा होता.

"चुकलो. तशी मागणी घालायला नको होती."

"आता घर माझं आहे. आता विचारा."

"काय?"

"कमाल आहे... आणि हा माणूस लोकांची नजर तपासतो!"

त्याने विचारले. तिने ग्रीसचे बोट त्याच्या नाकावर टेकवले आणि हळूच म्हणाली, "हो."

"जिन्यात कसली कुजबुज?" खालून आत्या गरजली. मग म्हणाली, "जेवायला या... दोघंही."

या दोघांच्या दाराशी येणाऱ्याला 'कुठून आलात?' या प्रश्नाआधी 'बसा' हा शब्द ऐकू येवो. आणि आत्याची दृष्टी चिरकाल निर्मळ राहो.