सरबताचे ओघळ

कल्पना कर बरं... भर दुपार, रस्त्याकडेला सरबताची गाडी आणि तिथं लिंबं पिळणारी एक मुलगी. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापर्यंत तपकिरी ओघळ उमटलेत. तिची सहा वर्षांची भाची रस्ता ओलांडतानाही तिचा हात धरत नाही. म्हणते, “मावशी, मलापण लागेल ना ते.”

मावशीनं चंगच बांधला. रोज लिंबाच्या फोडीनं हात घासायची. डाग उलट गडद झाले! शेवटी भाचीला घेऊन ती औषधांच्या दुकानात गेली.

“सगळ्यात जालीम मलम द्या.”

काउंटरमागच्या तरुणानं तिचे हात पाहिले... मग चेहरा. जरा जास्तच वेळ.

“आत्ता काय लावता?”

“लिंबू.”

त्यानं हसू दाबलं. “अहो, लिंबानंच तर झालंय. रस अंगावर राहिला आणि वर ऊन पडलं, की कातडी भाजते. मग स्वतःला जपायला ती जादा रंग तयार करते. मुरूम फोडला, सारखं घासलं तरी तेच. काहींना नुसत्या उन्हानं, काहींना एखाद्या औषधानंही होतं. पण एकाचं दुसऱ्याला लागत नाही.”

तरी भाची दोन पावलं लांबच.

“लिंबं सावलीत पिळा, हातमोजे घाला, उन्हात जाताना हे मलम लावा. घासणं बंद. काही महिने लागतील. जमेल?”

“मला? बघाच.”

“बघायला दर शनिवारी यावं लागेल.”

“असा नियम आहे?”

“नाही... मी सांगतोय.”

तिनं गाडी सावलीत नेली. गिऱ्हाईक घटलं, पण ती हटली नाही. दर शनिवारी तो तिचा हात उजेडात धरून बघायचा.

“फिका होतोय.”

“आणि तुम्ही लाल होताय.”

चौथ्या महिन्यात ती म्हणाली, “आता यायला कारण उरलं नाही.”

“कारण हवंच का? माझं तुमच्यावर मन बसलंय... डाग होते तेव्हापासून.”

“अंगठ्याजवळ एक आहे अजून.”

“असू दे की.” त्यानं हात पुढे केला. तिनं आपला हात त्यात ठेवला.

सोबत आलेली भाची बारकाईनं बघत होती. “काका, तुम्हाला नाही लागलं?”

“चार महिने धरतोय. तूच बघ.”

भाचीनं त्याचा मोकळा हात उलटसुलट तपासला, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा पाहिलं. मग मावशीचा दुसरा हात घट्ट धरला.

दुकानात गिऱ्हाईक आलं, तसा काकाला हात सोडावा लागला. भाचीनं मात्र घरी पोचेपर्यंत सोडला नाही.