मागे घेतलेले पाय

“आवळ! अजून आवळ! सूड उगवायला बरा सापडलाय तुला हा पाय!”

बापूरावांच्या त्या शब्दांसरशी पूर्णिमाचे हात थांबले... क्षणभरच! मग मांडीवर घेतलेल्या वडिलांच्या त्या सुजलेल्या, काळवंडलेल्या पायाभोवती तिने पट्टीचा पुढचा वेढा तितकाच घट्ट घेतला. घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, ती जखम कित्येक महिने चिघळत होती. खडकीच्या कारखान्यात उभ्याने नोकरी करून बापूरावांच्या पायातल्या शिरा निकामी झाल्या होत्या. रक्त वर चढायचं सोडून खालीच साचत होतं. पायाचा रक्तपुरवठा तपासून डॉक्टरांनी बजावलं होतं, “औषध मलमात नाही, पट्टीत आहे. बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत घट्ट बांधायची, सकाळी उठल्याउठल्या, सूज चढायच्या आत. आणि बसताना पाय उंचावर ठेवायचा.” कशी बांधायची तेही त्यांनी करून दाखवलं. त्या वेळी तेजस, बापूरावांचा आयटीतला कर्तबगार चिरंजीव, बाहेर मोबाइलवर अमेरिकेशी बोलत होता. केवढा मोठा माणूस! साऱ्या जगाच्या अडचणी सोडवणाऱ्याने बापाच्या घोट्यात कशाला लक्ष घालावं?

शिकली ती पूर्णिमा. रोज पहाटे वाघोलीहून निघून, बस बदलून ती कात्रजला वडिलांच्या घरी यायची. ती समोर बसली की बापूराव तोंडासमोर पेपर धरायचे. जखमेचा वास येतो म्हणून नव्हे, लेकीचं तोंड दिसू नये म्हणून!

कारण हाच तो पाय... तिने संतोषशी लग्न केलं तेव्हा मागे घेतलेला! संतोष चंद्रपूरकडच्या बौद्ध घरातला; कॉलेजात शिकवणारा, निर्व्यसनी, शब्दाला जागणारा. पण बापूरावांना माणूस दिसलाच नाही, दिसली ती जात. नोंदणी लग्न करून दोघं आशीर्वादाला आले, पूर्णिमा वाकली, आणि बापूरावांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

“फरशीला कर नमस्कार,” ते म्हणाले होते. “ती काही जात विचारत नाही.”

आणि तिने खरोखरच फरशीला डोकं टेकवलं होतं! मग वर्षानुवर्षं या घराचं दार तिला बंद होतं. ते उघडलं या जखमेने. “ताई, मला ऑफिसमुळे जमत नाही गं, तू येशील?” असा तेजसचा फोन आला आणि ही वेडी धावत आली. या जखमेच्या निमित्ताने बाबांच्या अंतःकरणाला पाझर फुटेल, एकदा... फक्त एकदाच ते आपला नमस्कार घेतील, एवढीच तिची आस!

आणि बाबा काय करत होते? संध्याकाळी तेजस घरी आला की विव्हळायचे, “सोड रे बाळा, जीव गेला माझा.” मग तो प्रेमळ पुत्र टाय सैल करावा तशी पट्टी सैल करायचा, पुन्हा वरवर गुंडाळायचा आणि टीव्हीसमोर बसायचा. झाली पितृसेवा! सकाळी पूर्णिमाला सगळं दिसायचं. ती काही म्हणाली की बापूराव पेपरमागून उत्तर द्यायचे, “त्याला माया आहे. तो काही तुझ्यासारखा वैरी नाही.”

तपासणी सकाळीच होती; आदल्या संध्याकाळी तेजसने वरवर गुंडाळलेली पट्टी डॉक्टरांनी उलगडली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“जखम भरायची सोडून पसरलीय. इतकी सैल पट्टी? असंच चाललं तर मांडीची कातडी काढून इथे लावावी लागेल, आणि तीही धरेल याची खात्री नाही. कोण बांधतं ही?”

तेजसला मोबाइलमध्ये अचानक काहीतरी महत्त्वाचं दिसलं. पूर्णिमाने वडिलांकडे पाहिलं. त्या ताठ, उर्मट चेहऱ्यावर भीती होती... ज्या मुलाचं कौतुक गल्लीभर सांगितलं त्याची परक्यासमोर शोभा होईल ही भीती!

“मी बांधते, डॉक्टर. माझंच चुकलं.”

“जमत नव्हतं तर विचारायचं! वडिलांचा पाय आहे ना हा, की परक्याचा?”

आणि तेव्हा, वाचक हो, तेजसला कंठ फुटला. “खरंच ताई, नीट शिकून घ्यायचं ना!”

बापूरावांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहतच राहिले.

दुसऱ्या दिवशी, चूक कबूल केल्याचं निमित्त करून बाबा आता आपल्याला हाकलणारच, अशा धास्तीने पूर्णिमा आली. बापूराव कॉटवर बसले होते, पेपर घडी करून बाजूला ठेवलेला. तिने पाय मांडीवर घेतला, पण या वेळी वेढे जपून, हलक्या हाताने घेतले, आणि पट्टी सैल पडली.

“हे काय? हातात जीव नाही? घट्ट बांध.”

“दुखेल तुम्हाला, बाबा...”

“दुखू दे! मीच सोडायला सांगत होतो त्याला. तुला ठाऊक होतं. मग काल खोटं का बोललीस?”

“तुमची मान खाली जाऊ नये म्हणून.”

“मान!” बापूराव तुच्छतेने हसले, पण डोळे भरून आले होते. “याच मानेपायी पोटच्या पोरीला फरशीवर डोकं टेकवायला लावलं मी! आणि काल त्या गाढवाने तुलाच शहाणपण शिकवलं, मी गप्प ऐकून घेतलं! थू माझ्या मोठेपणावर, पूर्णिमा... थू!”

त्यांच्या तोंडून किती वर्षांनी आलं होतं ते नाव! आवाज ऐकून तेजस दारात आला. “बाबा, फार घट्ट नको हं...”

“हात लावायचा नाही! तुझी माया तुझ्यापाशी ठेव. त्या मायेने सडत चाललो होतो मी.”

तेजस आल्या पावली परतला. पूर्णिमाने शेवटचा वेढा घेऊन पट्टी पक्की केली, पाय उशांवर ठेवला आणि डोळे पुसत उठली. तोच बापूरावांनी पाय खाली घेतला आणि दुसराही त्याच्या शेजारी फरशीवर टेकवला.

“बाबा, पाय वर ठेवायचाय! आणि हा दुसरा कशाला पुढे केलात? त्याला कुठे काय झालंय?”

“काही झालेलं नाही. पण एका पायाला करतात होय नमस्कार?” बापूराव खेकसले. “आणि रविवारी जावईबापूंना घेऊन ये. त्यांना मात्र वाकू देऊ नकोस. हात जोडायचेत ते मीच.”

पूर्णिमा खाली कोसळली. त्या दोन्ही पावलांवर कपाळ टेकून ती हमसाहमशी रडू लागली, इतक्या वर्षांचं सगळं रडली...

“पुरे आता. पट्टी भिजेल,” बापूराव कोरडेपणाने म्हणाले. पण पाय त्यांनी मागे घेतले नाहीत.