या आता

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलेली. शेवटचा भाग माझ्या बाबतीत.

विश्वास ठेवा म्हणून मी हात जोडणार नाही. नका ठेवू. मलाही ठेवायचा नव्हता.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही भर दुपारची आहे. गेल्या वर्षीचा मार्च, जेवणं उरकून सगळं पुणं आडवं होतं ती वेळ. जागा म्हणजे खडकवासल्याच्या रस्त्यावरचं एक हॉस्पिस. नाव सांगत नाही, तिथली माणसं चांगली आहेत.

हॉस्पिसमध्ये पेशंट बरा व्हायला येत नाही. शेवटचे दिवस कमी दुखावेत म्हणून येतो. माझी थोरली बहीण, आम्रपालीताई, तिथे नर्स आहे. कूस बदलायची, पाठीच्या जखमा धुवायच्या, कोरडे पडलेले ओठ ओल्या कापसानं पुसायचे. आणि शेवटी हात धरून बसायचं.

तिथे एक नियम आहे. लिहिलेला कुठेच नाही. तिथल्या जुन्या आया, सोजरबाई, नव्या नर्सला पहिल्याच दिवशी तो सांगतात.

"इथनं कुणी कायमचं निघालं, तर त्याला 'या' म्हणायचं नाय. हात जोडायचं आन गप ऱ्हायचं."

आपण कसे बोलतो बघा. घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. दारात पोचवायला आलेला 'जा' म्हणत नाही, 'या' म्हणतो. जिभेला वळणच पडलेलं असतं. आणि पुण्यात तर 'या आता' म्हणजे सरळ 'निघा, पुरे झालं'.

ताईनं तो नियम एकदाच मोडला.

खिडकीजवळच्या खाटेवर दुर्गाबाई होत्या. ऐंशीच्या घरातल्या, पोटाचा कॅन्सर. आल्या त्याच दिवशी त्यांनी ताईचं नाव विचारलं. मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर तिच्या हातचं पाणी घेतलं नाही.

हो, आजच्या काळात. पुण्यात.

पाणी सोजरबाईंनी द्यायचं. जखम धुवायला आणि घाण काढायला मात्र ताई चालायची. त्याला विटाळ नव्हता. दुर्गाबाई उशाजवळची बेल वाजवायच्या... तीनदा, तुटक. ताई धावत गेली की म्हणायच्या, तू नको, दुसरी कुणी पाठव.

ताई सगळं करत राहिली. शेवटी हातही तिनंच धरला. दुर्गाबाईंनी तो सोडवून घेतला, आणि मग गेल्या.

स्ट्रेचर बाहेर नेताना सगळे हात जोडून उभे होते. ताई दमलेली होती, चिडलेली होती. स्ट्रेचर समोरून गेलं आणि तिच्या तोंडून हळूच निघालं...

"या आता."

सुटलो एकदाचे, अशा अर्थानं. कुणालाच ऐकू गेलं नाही. सोजरबाईंना गेलं. त्या ताईच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली.

तीनदा. तुटक.

खाट रिकामी होती. चादर ताणून घातलेली.

मग रोजच वाजू लागली. ताईनं मला बोलावलं. माझं बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे, वायरी आणि बटणं हा माझा धंदा. शॉर्ट असेल, असं म्हणत मी खाटेजवळचं बटण काढलं, तारांची टोकं टेपनं बंद केली आणि बटण खिशात टाकलं. वर ताईची चेष्टाही केली, की आता तुझ्या पेशंटला हाक मारावी लागेल.

सोजरबाईंनी चहा आणला. मी कप तोंडाला लावला...

बेल वाजली.

बटण माझ्या खिशात होतं.

आमच्या घरात भूतखेत, अंगारेधुपारे काही नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच देवदेवस्की उंबऱ्याबाहेर ठेवली. बाबा, सीताराम त्यांचं नाव, जन्मभर पोस्टात होते आणि असलं काही बोलणाऱ्याला ते चहासुद्धा विचारत नसत. त्यामुळे बेलचं आम्ही घरी सांगितलंच नाही.

सांगायला हवं होतं. कारण महिनाभरात बाबांनाच तिथे न्यावं लागलं. फुप्फुसाचा कॅन्सर, शेवटची पायरी. आणि तिथे एकच खाट मोकळी होती.

खिडकीजवळची.

ताईला फक्त एवढंच हवं होतं. इतक्या परक्या माणसांना जे शांत मरण तिनं दिलं, ते आपल्या बापालाही मिळावं.

पहिले काही दिवस बरे गेले. मग बाबा खाटेच्या कडेला सरकून झोपू लागले. ताई त्यांना मध्ये घ्यायची, ते परत कडेला. अर्धी खाट रिकामी.

ताईनं कारण विचारलं.

"बाई बसल्यात ना," बाबा म्हणाले.

"कोण बाई?"

"ही खाट माझी आहे म्हणतात. बोलावलंय म्हणून आले म्हणतात."

ताईनं तिथूनच मला फोन केला आणि हे सांगितलं.

त्यानंतर पाण्याचं सुरू झालं. बाबांच्या उशाशी पेला भरून ठेवायचा... दुपारी तो उलटा. परत भरायचा, परत उलटा. बाबांचे ओठ फुटले होते, पण ते पाणी मागेनात. विचारलं तर त्या बाई पिऊ देत नाहीत म्हणाले. माझं डोकं भणाणलं. मेल्यावरही या बाईला आमच्या हातचं पाणी खुपत होतं.

मी दुकान बंद करून तिथेच जाऊन बसलो.

दुपार होती. पंखा फिरत होता. बाबा कडेला, जवळजवळ पडायच्या बेतात. आणि त्यांच्या शेजारची गादी... दबलेली होती. कुणीतरी बसल्यावर दबते तशी. मी हे स्वतः पाहिलं आहे.

बेल वाजायला लागली. या वेळी थांबेना.

ताईनं चमचाभर पाणी बाबांच्या ओठांशी नेलं. चमचा हातातच उलटला. हात हलला नव्हता तिचा.

मग ताईचा बांध फुटला. त्या रिकाम्या अर्ध्या खाटेकडे बघत ती म्हणाली, "चुकून बोलावलं मी तुम्हाला. आता जा. जा इथून."

बेल थांबली.

पंख्याचा तेवढा आवाज.

बाबांनी डोळे उघडले. ताईकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, पोरीनं सांगितलेलं ऐकायचं एवढंच होतं.

"बरं," बाबा म्हणाले. "जातो."

माझ्या बापानं जन्मात 'जातो' हा शब्द उच्चारला नव्हता. कोपऱ्यावर दूध आणायला निघाले तरी 'येतो' म्हणायचे.

"बाबा, तुम्हाला नाही," ताई म्हणत राहिली. "तुम्हाला नाही म्हटलं, बाबा."

पण ते गेले होते.

शेजारची गादी तशीच दबलेली होती.

डॉक्टर म्हणाले, आजउद्या होणारच होतं. असेल. ताईला ते पटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

बाबांना बाहेर नेताना ताई हात जोडून, दात आवळून उभी होती. नंतर मला म्हणाली, की 'या बाबा' म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण आले तर ते कुठे येतील? त्याच खाटेवर?

ती अजून तिथेच नोकरी करते. त्या खाटेची बेल वाजली की तीच जाते, दुसऱ्या कुणाला जाऊ देत नाही.

माझं म्हणाल तर दुकानदाराच्या तोंडात दिवसभर 'या, या' असतं. ते मी सोडलं. गिऱ्हाईक आलं की नुसती मान हलवतो. पुण्यात ते कुणाला वेगळंही वाटत नाही.

परवा दुपारी शटर अर्धं ओढून आत काम करत बसलो होतो. बाहेरून आवाज आला...

"अभय, येऊ का?"

बाबांचा आवाज. मागोमाग त्यांचा तो खोकलाही.

शब्द जिभेच्या टोकावर आला होता. एकच अक्षर.

मग आठवलं. बाबा कधी विचारत नसत. पोराच्या दुकानात यायला कसली परवानगी? शटरखालून वाकून सरळ आत यायचे.

मी शटरखाली पाहिलं. बाहेरचा रस्ता स्वच्छ दिसत होता.

पाय नव्हते.

मग शटर वाजलं. तीनदा. तुटक.

मी उत्तर दिलं नाही.

काल परत विचारलं. आजही. आवाज रोज थोडा जास्त दमलेला वाटतो, आणि आज पाणी मागत होता.