दुसरा आवाज

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मला शिसारी आहे.

आणि ऐकणाऱ्यांचीही. म्हणजे तुमची. राग येत असेल तर येऊ दे. या पानावर रोज कुणाला तरी पांढऱ्या कपड्यातली बाई दिसते... आणि खाली तुम्ही दोनशे जण ‘बापरे’ लिहिता.

माझ्याकडे बाई नाही. मध्यरात्रही नाही. भर दुपार होती, मंगळवार, सव्वाचारची वेळ, आणि जागा माझ्या दुकानामागची खोली. घडलं ते खरं आहे. पटत नसेल तर चालू पडा.

मी बंदुका दुरुस्त करतो. जुन्या, बावीस बोअरच्या, बोल्टवाल्या, म्हणजे नळीमागचा लोखंडी दांडा पुढं-मागं सारून गोळी भरायच्या. रिमफायर म्हणतात त्यांना, कारण गोळीच्या बुडाच्या काठावर ठोका बसला की ती सुटते. एकाच नावाची बंदूक कारखाना चाळीस वर्षं काढत राहतो आणि मधूनच आतलं काहीतरी बदलतो. त्याला आम्ही पिढी म्हणतो. कुठली बंदूक कुठल्या पिढीची, हे सांगणं माझं काम.

शौकीन मंडळी येतात. लाकडावरून हात फिरवतात आणि म्हणतात, “ही पहिल्या पिढीची दिसते.”

दिसते म्हणे! लाकूड काय, कुणीही बदलतं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मला हे काम उस्तादांनी शिकवलं. ते म्हणायचे, “अंगावरून पिढी सांगू नकोस. आधी बोल्ट बाहेर काढ, मग तोंड उघड.”

आता नीट ऐका. एकदाच सांगणार आहे.

पहिल्या पिढीत बोल्ट पुढं सारून बंद केला की ‘खट’ वाजतं. पण बंदूक अजून तयार नसते. बोल्टच्या मागची गुंडी हातानं ओढावी लागते. तेव्हा ‘टक’. दोन आवाज.

दुसऱ्या पिढीत गुंडी नुसती शोभेला. बोल्ट बंद केला, खट, की बंदूक तयार. एकच आवाज.

बाहेरून दोन्ही बोल्ट अगदी जुळे भाऊ. फरक आत.

अकरा वर्षांपूर्वी उस्ताद याच खोलीत गेले. एका बंदुकीत गोळी अडकली होती, ती ते काढत होते. मी बाहेर काउंटरवर. सव्वाचारला बार झाला. आत धावलो तर बंदूक टेबलावरच्या व्हाइसच्या पकडीत तशीच आवळलेली, आणि उस्ताद तिच्या तोंडापुढं पडलेले.

पोलिसांची चौकशी झाली. साहेबांनी बंदूक माझ्यापुढं ठेवली. “तुम्ही जाणकार. लिहून द्या.”

मी नळीवरचा शिक्का पाहिला. चापापुढचे दोन स्क्रू पाहिले. लिहिलं: पहिली पिढी, नंबर चारशे सतरा. गुंडी हातानं ओढल्याशिवाय सुटणं अशक्य. खाली सही ठोकली.

दोन मिनिटांचं काम.

आता अडकलेली गोळी काढताना गुंडी कुणी ओढत नाही. मग उस्तादांनी ओढली कशाला, आणि ओढून नळीपुढं गेले कशाला? लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. उस्तादांच्या बायकोनं, आमच्या काकूंनीही समजून घेतलं. भिंतीवरचा त्यांचा फोटो त्यांनी उतरवून ठेवला. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मी खरं तेच लिहिलं होतं ना!

मग आवाज सुरू झाला.

दुपारी सव्वाचारला. मी बाहेर असायचो, मागची खोली रिकामी असायची, आणि आतून...

खट.

मी कान टवकारून दुसऱ्या आवाजाची वाट बघायचो.

टक यायचाच नाही.

“उंदीर आहे,” मी बायकोला सांगितलं.

“अहो, घड्याळ बघून येणारा उंदीर? आणि बोल्ट चढवायला कुणाकडे शिकला?”

“तुला काय कळतंय त्यातलं!” मी म्हणालो. अकरा वर्षं मी हेच उत्तर दिलं.

तर त्या मंगळवारी दुर्बीण आला. हा एक शौकीन. गळ्यात भिंग अडकवून फिरतो, म्हणून मी त्याला दुर्बीण म्हणतो. अर्धवट वाचन आणि पूर्ण आत्मविश्वास. सोबत एक लांब खोकं.

“सासरे गेले. त्यांच्या कपाटात ही निघाली. तुमच्याकडेच साफ करून नेली होती म्हणे त्यांनी, तो अपघात झाला त्याच आठवड्यात. नंतर हातच लावला नाही.” मग भिंग पुसत म्हणाला, “दुसऱ्या पिढीची आहे. पण गुंडी ओढावी लागते.”

“साहेब, दुसऱ्या पिढीत गुंडी ओढावी लागत नाही.”

“पण लागतेय.”

“तुम्हाला लागत असेल.”

त्याला घेऊन मागच्या खोलीत आलो. बंदूक टेबलावर ठेवली. शिक्का दुसऱ्या पिढीचा, स्क्रू एकच. आता याला चांगलंच तोंडावर पाडतो, या हौसेनं मी बोल्ट बाहेर काढला.

समोरच्या वेल्डरची घरघर थांबली.

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज नव्हता. दुर्बिणीचे ओठ हलत होते... शब्द ऐकू येत नव्हते.

आणि टेबलावरून आवाज आला.

खट.

बंदूक टेबलावर होती. तिचा बोल्ट माझ्या हातात होता.

मी बोल्ट उलटा केला. खालच्या बाजूला बारीक आकडे होते, ज्या बंदुकीचा बोल्ट तिचा नंबर.

चारशे सतरा.

ज्याच्याखाली मी सही ठोकली होती, तोच नंबर.

उस्ताद गेले त्या दिवशी सकाळी या दोन्ही बंदुका मीच साफ केल्या होत्या. दोन्हीचे बोल्ट एकाच ट्रेमध्ये, रॉकेलात टाकून. उस्ताद शंभरदा ओरडायचे, “एका वेळी एकच बोल्ट उघडायचा!” मी मनात म्हणायचो, म्हातारा झालाय.

बोल्ट बदलले गेले. उस्तादांच्या हातात पहिल्या पिढीची बंदूक होती आणि तिच्या पोटात दुसऱ्या पिढीचा बोल्ट. बंद करताना जड लागला असेल, तर त्यांना तो अडकलेल्या गोळीचा अडथळा वाटला असणार. गुंडी ओढलेली नाही, म्हणजे बंदूक थंड आहे, असं समजून ते पुढून व्हाइस सैल करायला वाकले. हिसका बसला आणि बंदूक सुटली.

त्यांनी गुंडी ओढलीच नव्हती. अकरा वर्षं रोज सव्वाचारला ते मला तेवढंच सांगत होते.

आणि मी म्हणत होतो, उंदीर.

तुम्हाला वाटेल, मी तडक काकूंकडे गेलो. छे! मी दुर्बिणीला म्हणालो, “बोल्ट बदललेला आहे. जुन्या मालात होतं असं.” बोल्ट ठेवून घेतला, टेबलाच्या खणात टाकला, कुलूप लावलं. उद्या सांगू म्हटलं. बुधवारीही उद्याच म्हटलं, गुरुवारीही. अकरा वर्षं दुसऱ्यांना मूर्ख म्हणत आलेल्या माणसाला स्वतःचं नाव त्या यादीत घालायला वेळ लागतो.

शुक्रवारी सव्वाचारला मी मुद्दाम त्याच खोलीत बसलो होतो.

खट.

आता काही येणार नाही. येत नाहीच कधी...

टक.

आवाज खणातून आला होता.

कुलूप काढलं. बोल्ट होता तिथंच होता. गुंडी मागं ओढलेली.

तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगतो. बोल्ट बंदुकीबाहेर असला की गुंडी मागं राहूच शकत नाही. धरून ठेवायला काही नसतं, आतली स्प्रिंग तिला पुढं खेचते. ती मागंच होती.

मी चपला न घालताच काकूंकडे गेलो.

सगळं सांगितलं. ट्रे, बोल्ट, सही, सगळं. त्या ऐकत बसल्या.

“मी रोज त्यांना विचारायचे,” काकू म्हणाल्या. “माझं काय चुकलं म्हणून असं सोडून गेलात? रोज, रे. शिव्यासुद्धा घातल्या.”

मी खाली बघत होतो.

“बोल्ट बाहेर काढून बघायला किती वेळ लागला असता?”

“काकू...”

“किती?”

“एक क्षण.”

त्यांनी कपाटातून फोटो काढला. पदरानं पुसला. भिंतीवरच्या जुन्या खिळ्याला लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “जा आता. परत येऊ नकोस.”

साहेबांच्या ऑफिसात नवा कागद लिहून दिला. तिथल्या कारकुनानं जांभई देत शिक्का मारला. उस्तादांचं नाव साफ झालं. मला वाटलं, संपलं.

त्या दिवसापासून सव्वाचारला काहीच वाजत नाही.

बायको म्हणते, “सुटलात एकदाचे.” तिला काय कळतंय त्यातलं, असं आता मी म्हणत नाही.

कारण बोल्ट अजून खणात आहे. मी रोज कुलूप काढून बघतो, हात लावत नाही. गुंडी अजून मागंच आहे.

खट झालं. टक झालं. त्यानंतर बंदुकीत एकच आवाज उरतो.

सव्वाचारला मी आता त्या खोलीत बसत नाही.